नांदूर मध्यमेश्वरची जानेवारीतली पाणपक्षी गणना: वारकरीही मोजायचे आहेत

कादवाकाठ
नमस्कार मंडळी,

आशियाई पाणपक्षी गणना जवळ आली आहे, म्हणून दरवर्षीप्रमाणे धागा काढतोय. गेल्या वेळी बरेच नवे लोक आले होते आणि पुष्कळांना आपण नक्की काय करतोय हे पहाटे पाण्यावर पोचल्यावरच कळलं. या वेळी ते आधीच सांगून ठेवतो.

ही गणना दर जानेवारीत होते. १९६७ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणनेचा हा आशियाई भाग आहे. भारतीय उपखंडात तिची सुरुवात १९८७ साली झाली. वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था तिचं संयोजन करते, आपल्याकडे बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सोबत असते आणि प्रत्यक्ष मोजायला आपण असतो. जानेवारी निवडण्याचं कारण साधं आहे. उत्तरेकडून येणारे पक्षी तोवर येऊन स्थिरावलेले असतात आणि परतीचा प्रवास सुरू व्हायला अवकाश असतो. म्हणून सगळ्या पाणथळ जागांवर एकाच पंधरवड्यात मोजलं की तोच थवा दोन ठिकाणी धरला जाण्याची भीती कमी होते.

जागा आपल्या सगळ्यांना माहीत आहेच. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला बंधारा आहे. त्यामागे गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झालं आणि पुढे महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) होण्याचा मानही याच पाण्याला मिळाला. लोणार आणि ठाणे खाडी त्यानंतरच्या.

आता मुद्द्याचं. गणनेला येणाऱ्या दहापैकी आठ जणांच्या डोक्यात एखादा नवा, दुर्मीळ पक्षी असतो. तो दिसला तर आनंद आहेच, त्याची नोंदही करू. पण आपलं खरं काम वारकरी मोजण्याचं आहे. काळा, गुबगुबीत, कपाळावर पांढरी टिकली असलेला, रोज दिसणारा वारकरी. त्याच्या जोडीला थापट्या, तलवार बदक, गडवाल, हळदीकुंकू, टिबुकली, शेकाट्या. ज्यांच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही, ते सगळे. एखादा भटका पाहुणा आला काय आणि गेला काय, त्यावरून या पाण्याची तब्येत कळत नाही. वारकऱ्यांची आणि थापट्यांची संख्या वर्षानुवर्षं कशी हलते यावरून ती कळते.

नेहमीप्रमाणे गट पाडू. प्रत्येक गटात एक दुर्बिणीवर, एक स्पॉटिंग स्कोपवर आणि एक लिहिणारा. लिहिणाऱ्याने पक्षी बघायचेच नाहीत, फक्त ऐकायचं, लिहायचं आणि लिहिलेलं परत मोठ्याने म्हणायचं. प्रत्येक गटाला पाण्याचा एक पट्टा नेमून दिला जाईल. झाड, मनोरा, विजेचा खांब अशा खुणांनी त्याच्या हद्दी ठरलेल्या आहेत. शेजारच्या पट्ट्यात कितीही सुंदर थवा बसला असला तरी तो शेजारच्या गटाचा.

कपड्यांबद्दल एकच सांगतो. निफाडची थंडी पेपरात वाचणं वेगळं आणि पहाटे पाण्याच्या काठावर दोन तास न हलता उभं राहणं वेगळं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एक आकडी झाल्याची बातमी येते ना, तेच दिवस असतात हे. हातमोजे हवेत, पण बोटं उघडी राहतील असे, नाहीतर फोकस फिरवता येत नाही. लाल-पांढरे-भडक कपडे नकोत.

शंका इथेच विचारा.

नवी_दुर्बीण
कादवाकाठ दादा, धागा वाचून यायचं पक्कं केलं. नाशिकला राहते, दुर्बीण दिवाळीत घेतली (८ बाय ४२). पण मला बदकांमधलं फारसं कळत नाही. तलवार बदकाचा नर ओळखता येतो, माद्या सगळ्या सारख्याच तपकिरी दिसतात. अशा माणसाने आलं तर गणनेचं नुकसान नाही ना होणार? आणि मुलगी दहा वर्षांची आहे, तिला आणलं तर चालेल का?

शेकाट्या
ताई, नुकसान कसलं? लिहिणारा चांगला असला की निम्मं काम झालं. दुर्बिणीवरचा माणूस भराभर बोलत असतो, 'थापट्या बारा, वारकरी साठ, पुन्हा वारकरी चाळीस, गडवाल सहा', आणि ते न चुकता योग्य रकान्यात टाकणं सोपं नाही. पहिल्या वर्षी तेच करा. कान आपोआप नावांना सरावतात, डोळे मागाहून येतात.

मुलीला जरूर आणा. तिला एकाच पक्ष्याचं काम द्या. टिबुकली दिली तर उत्तम. ती सारखी बुडी मारते, म्हणून एका नजरेत मोजली की हमखास कमी भरते. तिला तीन-चार मिनिटं न हलता बघत राहणारं कुणीतरी लागतं, आणि मुलांची नजर त्या बाबतीत आपल्यापेक्षा चांगली असते. एका वेळी पाण्यावर जास्तीत जास्त किती दिसल्या, तो आकडा लिहायचा.

कादवाकाठ
+१. माद्यांबद्दल थोडं सांगतो, म्हणजे येण्याआधी चित्रं बघून ठेवता येतील.

थापट्याची मादी चोचीवरून कळते. फावड्यासारखी रुंद चोच लपतच नाही. तलवार बदकाची मादी सडपातळ, मान लांब, शेपूट टोकदार, चोच करडी. गडवालच्या मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी असतात, आणि पंखावरचा पांढरा चौकोन पोहतानाही कधी कधी डोकावतो. खरी परीक्षा चक्रांग आणि भुवई बदकाच्या माद्यांची. दोन्ही लहानखुऱ्या. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर गडद-फिके पट्टे ठळक असतात आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका दिसतो. चक्रांगच्या मादीचा चेहरा त्यामानाने साधा असतो, शेपटीच्या बाजूला एक फिकट रेघ असते आणि उडाली की पंखावर हिरवा पट्टा चमकतो.

तरीही कळलं नाही तर 'अनोळखी बदक' या रकान्यात आकडा टाकायचा. अंदाजाने जातीचं नाव लिहिण्यापेक्षा तो रकाना शंभर पटीने मोलाचा आहे. गणनेच्या अर्जावर त्यासाठी जागा मुद्दाम ठेवलेली असते.

गणिती_पुणेकर
धागा चांगला आहे, पण एक मूलभूत शंका आहे, राग मानू नये. हजारो पक्षी, तेही हलणारे, बुडणारे, उडणारे. तुम्ही आठ हजार म्हणाल, दुसरा गट बारा हजार म्हणेल. मग या आकड्याला अर्थ काय? एवढी माणसं थंडीत उभी करून हाती येतो तो अंदाजच ना? त्यापेक्षा ड्रोनने फोटो काढून संगणकाला मोजू द्यावं.

कादवाकाठ
राग कसला, हा प्रश्न प्रत्येक स्वयंसेवकाला पडायला हवा. जरा सविस्तर लिहितो.

मोठा थवा आम्ही एक-एक करून मोजत नाही. आधी थव्याच्या कडेचे दहा पक्षी नीट मोजायचे. ते दहा डोळ्यांत भरले की तेवढ्याच आकाराचे तुकडे मनाने थव्यावर ठेवत जायचं. थवा मोठा असेल तर पन्नासाचा तुकडा, फारच मोठा असेल तर शंभराचा. वारकरी जिथे दाट बसतात तिथे तुकडा लहान दिसतो, विरळ असतील तिथे मोठा, हे ध्यानात ठेवावं लागतं. एक फेरी डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. दोन्ही आकडे जवळ आले नाहीत तर तिसरी.

यात चूक राहते, हे खरं. पण तीच जागा, तोच पंधरवडा, तीच वेळ आणि तीच पद्धत ठेवली की चूकही साधारण त्याच बाजूला राहते. बहुतेक माणसं मोठा थवा कमीच धरतात. दरवर्षी आपण थोडं कमी धरत असू आणि तरी दहा वर्षांत आकडा निम्म्यावर आला, तर ती घट मोजणाऱ्याच्या डोळ्यातली नाही, पाण्यावरची आहे. आपल्याला 'आज नेमके किती' यापेक्षा 'वाढतायत की घटतायत' हे हवं आहे.

दुसरं, या आकड्यांवर निर्णय होतात. रामसर कराराच्या निकषांत एक असा आहे की जिथे नियमितपणे २०,००० वा त्याहून जास्त पाणपक्षी असतात ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची धरता येते. आणखी एक निकष असा, की एखाद्या जातीच्या एका समूहाच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी त्या जागेवर येत असतील तरी ती पात्र ठरते. आता हा १ टक्का काढायचा तर आधी एकूण संख्या कळायला हवी. ती देशोदेशीच्या असल्याच काठांवर, असल्याच थंडीत उभ्या राहिलेल्या माणसांच्या आकड्यांतून येते.

तिसरं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३ चा अहवाल बघा. तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरून ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. ज्यांची घट काळजीची वाटली त्यांत चाष आहे, ज्याचं दसऱ्याला दर्शन घ्यायची आपल्याकडे रीत आहे तो. आणि चक्रांग आणि थापट्याही आहेत. ही नेहमीची बदकं आहेत हो! 'असतीलच की शे-दोनशे' म्हणून ज्यांचा आकडा लिहायचा लोक कंटाळा करतात, तीच. ज्यांनी कंटाळा केला नाही त्यांच्यामुळे ही घट आज आपल्याला ठाऊक आहे.

ड्रोनचं म्हणाल तर अभयारण्यात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही आणि खालून गेला तर थवेच्या थवे उठतात. शिवाय वरून काढलेल्या फोटोत जलपर्णीत घुसलेली जांभळी पाणकोंबडी आणि बेशरमीच्या झुडपाखाली बसलेला वंचक कसे दिसणार? तंत्राला माझा विरोध नाही. स्थिर बसलेल्या थव्याचे फोटो काढून नंतर घरी मोजून आम्हीही आमचे अंदाज तपासतो. नव्या मंडळींनी सरावासाठी हे आजपासूनच करावं. कुठल्याही थव्याचा फोटो घ्या, पाच सेकंद बघून अंदाज लिहा, मग बोट ठेवून मोजा.

गणिती_पुणेकर
सविस्तर उत्तराबद्दल आभार. कल मोजायचा आहे, नेमकी संख्या नाही, हा मुद्दा पटला. फक्त एक सुचवतो. दोन निरीक्षकांनी एकमेकांना न सांगता तोच थवा मोजायचा आणि दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून ठेवायचे. मग चुकीचा आवाकाही कळेल. नुसती सरासरी लिहिली की ती माहिती हरवते.

कादवाकाठ
हे उत्तम सुचवलंत. या वर्षी निदान वारकरी आणि थापट्यांसाठी करून बघू. तुम्हीच या आणि एक पट्टा सांभाळा.

द्राक्षबाग_निफाड
राम राम. मी पक्षीमित्र वगैरे नाही, शेतकरी आहे. आमचं शिवार पाण्याला लागूनच आहे. गणनेवाले लोक दरवर्षी दिसतात, चहाला थांबतात. एक गोष्ट सांगायची होती.

तुम्ही लोक साडेसातला-आठला मोजायला सुरू करता. करकोचे तोवर पाण्यावर राहतच नाहीत. रात्री ते उथळ पाण्यात उभे असतात, दिस उगवायच्या टायमाला ओरडत उठतात आणि हरभऱ्याच्या नाहीतर काढणी झालेल्या वावरात जाऊन उतरतात. आम्ही थंडीच्या दिवसांत पहाटे बागेत धूर करायला उठलेलो असतो, तेव्हा डोक्यावरून जातात. पट्टेवाले हंस उलटे. ते रात्री आणि भल्या पहाटे वावरात चरतात आणि ऊन वर आलं की पाण्यावर येऊन बसतात. मग तुमच्या वहीत हंस येतात आणि करकोचे येत नाहीत.

आणि पाटाला आवर्तन सुटलं की पाणी खाली-वर होतं, तेही बघत जा. चिखल उघडा असला तर बारीक पक्षी भरपूर, पाणी चढलं की एक नाही.

कादवाकाठ
दादा, हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. करकोच्यांसाठी वेगळा गट करायला हवा, उजाडायच्या आधी उभा राहणारा. उडताना मोजायचे आणि दिशा लिहायची. हंस पाण्यावर परतल्यावर मोजायचे, दहाच्या सुमारास.

आवर्तनाचंही अगदी बरोबर. हा बंधारा मुळात कालव्यांसाठी आहे. वरच्या धरणांतून पाणी सुटतं, इथून ते कालव्यांत जातं. तुतवार, टिलवे, मालगुजे यांचा सगळा संसार त्या चार बोटं पाण्याच्या आणि उघड्या चिखलाच्या पट्टीवर चालतो. म्हणून अर्जात पाण्याच्या पातळीचा रकाना कुणीही कोरा सोडायचा नाही. एखाद्या वर्षी चिखलपक्षी गायब झाले तर ते घटले की पाणी चढलेलं होतं, हे त्या रकान्यावरूनच कळेल.

खाडीकाठची
ठाण्याहून. आमच्याकडे आवर्तनाच्या जागी भरती-ओहोटी. ओहोटीला रोहित (फ्लेमिंगो) खाडीभर चिखलावर पसरलेले असतात, भरती आली की चिखल बुडतो आणि तेच पक्षी नवी मुंबईच्या बाजूच्या पाणथळ तळ्यांवर जाऊन बसतात. एका गटाने ओहोटीला खाडीत मोजले आणि दुसऱ्याने भरतीला तळ्यांवर, तर तेच पक्षी दोनदा. म्हणून सगळ्या ठिकाणी एकाच वेळी मोजायचं, घड्याळ लावून. आधी भरतीचं वेळापत्रक काढायचं, मग तारीख ठरवायची.

आणि म्हणूनच भरतीला बसायची तळी बुजवायची भाषा कुणी केली की आम्हाला एवढं लागतं. अभयारण्य खाडीला मिळालं, २०१५ साली. २०२२ साली रामसरचा दर्जाही मिळाला. पण पाणी चढल्यावर पक्ष्यांनी उभं कुठे राहायचं, याचं उत्तर खाडीच्या हद्दीबाहेर आहे. 'या तळ्यावर भरतीच्या वेळी इतके पक्षी होते, या या तारखांना' असा कागद हातात असला तरच बोलता येतं. नुसतं निसर्गप्रेम सांगून कुणी ऐकत नाही.

भीमाथडी
भिगवणकडचं सांगतो. उजनी काठोकाठ भरलेली असली की जानेवारीत रोहितांना उतरायला उथळ पाणीच मिळत नाही, ते उशिरा येतात. ज्या वर्षी पाणी लवकर ओसरतं त्या वर्षी लवकर. त्यामुळे पावसाळा चांगला झाला की लोक विचारतात, यंदा पक्षी का कमी? पक्षी दुसरीकडे आहेत, एवढंच. एका जलाशयाचा आकडा घेऊन कुणी 'रोहितांनी पाठ फिरवली' अशी बातमी केली तर विश्वास ठेवू नका. जायकवाडी, उजनी, नांदूर, खाडी, सगळीकडचे आकडे शेजारी ठेवावे लागतात. एकाच पंधरवड्यात मोजायचा फायदा तोच.

आमच्याकडे कुंभारगाव, डिकसळचे मच्छीमारच होडी चालवतात आणि गणनेतही तेच खरे जाणकार. सुरय आणि कुरव यांतला फरक ते लांबूनच सांगतात.

चित्रबलाक_७००एमएम
मी फोटोग्राफर आहे. माझ्याकडे मोठी लेन्स आहे, गणनेच्या दिवशी मला बेटाच्या जवळ जायची परवानगी मिळेल का? जवळून फोटो मिळाले तर ओळख पटवायलाही तुम्हाला मदतच होईल.

शेकाट्या
भाऊ, स्पष्टच बोलतो. गणनेच्या दिवशी जवळ जाणं म्हणजे गणना मोडणं. एक थवा उठला की त्याच्या शेजारचा उठतो, तो जाऊन तिसऱ्या पट्ट्यात बसतो आणि तिथल्या गटाने आधीच मोजून झालेलं असतं किंवा अजून मोजायचं असतं. दलदल ससाणा वरून फिरला तरी अर्धं पाणी उडतं, आम्ही सगळे खाली बसून पाच-दहा मिनिटं थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ससाण्याला आपण काही म्हणू शकत नाही. माणसाला म्हणू शकतो.

शिवाय हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले आहेत. दर उड्डाणाला त्यांची चरबी खर्च होते आणि तीच त्यांना परत न्यायची असते.

कादवाकाठ
शेकाट्याशी सहमत. पण तुमच्या लेन्सचं काम आहे, आणि महत्त्वाचं आहे. काठावरूनच पट्टकादंबांच्या, म्हणजे द्राक्षबाग दादांच्या पट्टेवाल्या हंसांच्या, माना आणि पाय तपासा. मंगोलियात अभ्यासकांनी मानेला रंगीत पट्टे घातलेले पट्टकादंब भारतात अनेकदा सापडले आहेत. पट्ट्याचा रंग आणि त्यावरची अक्षरं-अंक वाचता आले तर हिमालय ओलांडून आलेल्या त्या एका पक्ष्याचा प्रवास कळतो. दुर्बिणीतून ती अक्षरं बहुतेक वेळा दिसत नाहीत, तुमच्या फोटोत दिसतील. हे काम तुमच्याकडे द्यायचं का?

चित्रबलाक_७००एमएम
नक्की. मला हे माहीत नव्हतं. काठ सोडणार नाही, शब्द.

सातासमुद्रापार
मी मूळची लासलगावची, सध्या न्यू जर्सीत. लहानपणी नांदूरला आजोबांच्या सायकलवर बसून जायचे, तेव्हा तिथे दुर्बीणवाले कुणी नसायचे.

इथे १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात ख्रिसमस बर्ड काउंट होते. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी सुरू केली. त्याआधी नाताळात गट पाडून जास्तीत जास्त पक्षी मारायची स्पर्धा व्हायची, त्याऐवजी मोजूया असं त्यांनी सुचवलं. पहिल्या वर्षी २७ जण होते. आता १५ मैल व्यासाची वर्तुळं आखलेली असतात आणि तेच वर्तुळ दरवर्षी पिंजून काढतात. आमच्या गटात सत्तरीपुढच्या बायका आहेत, त्याच चौकात उभ्या राहून तेच झाड त्या दरवर्षी बघतात. त्या झाडावर काही नसलं तरी 'काही नाही' असं लिहितात. शून्य लिहायला त्यांना अजिबात वाईट वाटत नाही. आपल्याकडे शून्य म्हणजे फेरी फुकट गेली असं लोकांना का वाटतं?

कादवाकाठ
शून्याचा मुद्दा तुम्ही काढलात हे बरं झालं. मला तो पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवा होता इतका मोठा आहे.

ज्या पट्ट्यात काही नाही, त्याचा अर्ज 'काही नाही' असा भरून द्यायचाच. कोरा अर्ज आणि शून्याचा अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोऱ्याचा अर्थ तिथे कुणी गेलंच नाही. शून्याचा अर्थ माणूस गेला, बघितलं आणि पक्षी नव्हते. दहा वर्षांनी हा कागद बघणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे. जिथे पूर्वी पाणी होतं आणि आता सगळी जलपर्णी माजली आहे, तिथलं शून्य तर ठळक लिहा आणि शेऱ्यात कारण लिहा. नदीतून नाशिककडून येणारी जलपर्णी हे या पाण्याचं मोठं दुखणं आहे. कमळपक्ष्यांना आणि पाणकोंबड्यांना ती थोडी मानवते, पण उघडं पाणी लागणाऱ्या बदकांची जागा ती खाते. हे आपण बोलून दाखवतो. आकड्यांत दिसलं तर त्याला वजन येईल.

आणि फुगवलेल्या आकड्याबद्दलही आत्ताच सांगतो. मागे एका ठिकाणी (नाव घेत नाही) गणना संपताना एका उत्साही कार्यकर्त्याने 'गेल्या वेळेपेक्षा आकडा कमी दिसतोय, थोडा वाढवू, बातमीला बरं पडेल' असं सुचवलेलं मी ऐकलं. तो माणूस मनाने चांगला होता, पाण्यासाठीच झटत होता. पण वाढवलेल्या आकड्याने पाण्याचं नुकसानच होतं. पक्षी कमी होत असताना कागदावर भरपूर दिसले तर मदत मागायला तोंड कुठे राहतं? घट झाली असेल तर घटच लिहायची.

टेम्सकाठ
लंडनहून. इथे जानेवारीच्या शेवटाकडे शुक्रवार ते रविवार बिग गार्डन बर्डवॉच असतं, १९७९ पासून. एक तास आपल्या अंगणात किंवा बागेत बसायचं आणि एका वेळी एका जातीचे जास्तीत जास्त किती दिसले ते लिहायचं. ज्यांना नांदूरला येणं शक्य नाही त्यांनी भारतात फेब्रुवारीतली ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट करावी. माझी आई पुण्याला सदनिकेच्या गच्चीवरून करते. चार दिवस, दर वेळी किमान पंधरा मिनिटं, आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची. साळुंकी, कावळे, पारवे सगळं.

खाडीकाठची
हो, भारत २०१३ पासून त्यात आहे. ईबर्डवर यादी टाकताना एकच विनंती. संख्येच्या जागी फुली मारू नका. अंदाजे का होईना, आकडा लिहा. फुलीवरून पक्षी होता एवढंच कळतं.

नवी_दुर्बीण
मुलीने टिबुकलीचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली आहे. काल घराजवळच्या तळ्यावर सराव केला. ती म्हणाली, 'आई, दोन बुडल्या आणि तीन वर आल्या, म्हणजे एक आधीच खाली होती.' मी तिला गणनेचा कागद दिला आहे.

दादा, करकोच्यांच्या गटात आम्ही येऊ का? अंधारात उठायची आमची तयारी आहे.

द्राक्षबाग_निफाड
ताई, या. आमच्या मळ्यात थांबा, शेकोटी असतेच. करकोचे जातात ती वाट मी दाखवतो. फक्त गाडीचे दिवे बांधावर आल्यावर बंद करा आणि वावरातून जाताना पाण्याच्या नळ्या तुडवू नका.

कादवाकाठ
छान जमलं. मग गट असे ठरले. करकोचे: द्राक्षबाग दादा, नवी_दुर्बीण आणि त्यांची मुलगी, मोजायला शेकाट्या. वारकरी-थापट्या दुहेरी मोजणी: गणिती_पुणेकर आणि मी, दोघांच्या वह्या वेगळ्या, गणना संपेपर्यंत कुणी कुणाला आकडा सांगायचा नाही. पट्टकादंबांचे पट्टे: चित्रबलाक. वनखात्याकडे सगळ्यांची नावं द्यायची आहेत, म्हणून उद्या संध्याकाळपर्यंत व्यक्तिगत निरोपात पूर्ण नाव कळवा.

बंधाऱ्याखालच्या पट्ट्याला अजून लिहिणारा मिळालेला नाही. तिथे पक्षी कमी असतात म्हणून तो पट्टा कुणी मागत नाही, पण मागच्या तीन वर्षांची नोंद सलग आहे आणि या वर्षी ती तुटू द्यायची नाही. कुणाला जमेल?

भीमाथडी
आमच्या उजनीची गणना पुढच्या रविवारी आहे, त्यामुळे मी मोकळा आहे. मी येतो. लिहितो मी, बघायला कुणीही द्या.